घासागणिक हसू

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभं राहणाऱ्याला दोन गोष्टी याव्या लागतात. दुसऱ्याच्या नाकावर चष्मा सरळ बसवता यायला हवा आणि बसवताना हसता यायला हवं. काचवाल्यांना दोन्ही झकास जमायचं. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते त्यांचं त्यांनाच आठवावं लागे. दुकानात, गल्लीत, खानावळीत ते काचवालेच. गिऱ्हाईक आरशात बघून कुरकुरलं की ते म्हणायचे, अहो, तुमचा एक कान वर आहे, एक खाली, सगळ्यांचाच असतो. जरा दांडी वाकवतो, म्हणजे चेहरा सरळ दिसेल. आणि हसायचे. गिऱ्हाईकही हसायचं आणि चष्मा घेऊन जायचं.

मग उजव्या कानाखाली गाठ आली. गाठ साधी निघाली, पण चेहरा हलवणारी नस नेमकी तिच्या पोटातून गेलेली. गाठीबरोबर नसही गेली. काचवाले शुद्धीवर आले तेव्हा त्यांचा उजवा गाल खुंटीवरच्या ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. माणूस रागावला की तोंड पाडतो. काचवाल्यांचं अर्धं तोंड कुणावर न रागावता पडलं, ते पडलंच. उजवा डोळा मिटेना. झोपताना त्याला चिकटपट्टी लावावी लागे, दिवसा त्यातून उगाचच पाणी गळे. चहा पिताना ओठ बोटांनी धरून ठेवावे लागत. घास गालात जाऊन बसे, तो बोटाने काढायचा. हे सगळं माणूस घरी एकटा असताना निभावून नेतो. पण दुकानात मालक एक दिवस फार गोड आवाजात म्हणाले की आतल्या खोलीत काम साठलंय, तुम्ही जरा आत बसा. आतल्या खोलीत काचा घासायचं यंत्र होतं, एक स्टूल होतं आणि झरोका होता. साठलेलं काम पुढे कधीच संपलं नाही.

लग्न त्यांचं राहूनच गेलं होतं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, मग वय. एक ताई होती, ती लांबच्या गावी नांदत होती. दुपारी काचवाले दुकानामागच्या खानावळीत जेवत. तिथे कोपऱ्यात भिंतीला लावलेलं एक टेबल होतं. उजवा गाल भिंतीकडे करून ते तिथे बसत, म्हणजे खानावळीला दिसायची ती चांगली, डावी बाजू. वाढणाऱ्यानेही हळूहळू त्यांच्याशी बोलणं सोडलं. बोलायचं तर समोरच्याने जरा तरी हसावं लागतं, नाहीतर तोही कंटाळतो. काचवाल्यांचा त्याच्यावर राग नव्हता. त्यांना स्वतःचाच कंटाळा आला होता.

तीनेक वर्षं अशी गेल्यावर ताईने हट्ट धरला आणि त्यांना चेहऱ्याच्या सर्जनकडे नेलं. सर्जनबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी काचवाल्यांना हसायला सांगितलं, डोळा मिटायला सांगितलं, शीळ घालायला सांगितलं. यातलं काहीच अर्ध्यापलीकडे गेलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. आता नुसती नस जोडून भागणार नाही, कारण इतक्या दिवसांत उजव्या बाजूचे स्नायू वाळून गेलेत. एक मार्ग असा की मांडीतली चिवट पट्टी काढून तिने तोंडाचा कोपरा वर बांधून ठेवायचा. चेहरा सरळ दिसेल, पण हलणार नाही. दुसरा लांबचा. पोटरीतली नस काढायची, वरच्या ओठाखालून डावीकडून उजवीकडे न्यायची, वर्षभर ती रुजायची वाट बघायची, मग मांडीतला स्नायू गालात बसवून तिला जोडायचा. डावी बाजू हसली की उजवी तिच्यामागून आपोआप हसेल. मात्र हसू कमजोर असेल, आणि तुमच्या वयात येईलच असं नाही. तिसरा मार्ग जवळचा आणि भरवशाचा. मांडीतला स्नायू एकदमच बसवायचा आणि चावायच्या नसेला जोडायचा. हसू जोरदार येईल, पण आपोआप येणार नाही. दात आवळले की येईल.

"तुम्हाला हसू कशासाठी हवंय?" सर्जनबाईंनी विचारलं.

"काउंटरवर उभं राहायला."

ताई मध्ये पडली. "अरे, आपोआप येतं ते घे. एक वर्ष गेलं तर गेलं. दात आवळून कोण हसतं का?"

"ताई, मी घरी एकटा असतो," काचवाले म्हणाले. "आपोआप हसू येऊन मी करू काय? भिंतीला दाखवू?"

ताईने पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिसरा मार्ग ठरला. त्याच वेळी उजव्या पापणीत सोन्याचा एक छोटा तुकडाही बसवायचं ठरलं, म्हणजे त्याच्या भाराने डोळा मिटेल. जन्मात कधी अंगावर सोनं घातलं नाही, शेवटी डोळ्यात घातलं, असं काचवाले ताईला म्हणाले. तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

ऑपरेशन झालं. गाल भोपळ्यासारखा सुजला, सूज उतरली, मांडीची जखम भरली, ताई आपल्या घरी गेली, आणि उजव्या बाजूला काहीच घडलं नाही. सर्जनबाई म्हणाल्या, धीर धरा, नस रांगत येते. काचवाले रोज सकाळी दाढीच्या आरशासमोर दात आवळत आणि गाल मख्खपणे त्यांच्याकडे बघत राही. काही महिन्यांनी एका सकाळी तोंडाचा कोपरा लवला. दुसऱ्या दिवशी जरा जास्त लवला. काचवाले आरशासमोर इतका वेळ दात आवळत राहिले की जबडा ठणकायला लागला. त्यांना कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटलं. ताईला फोन लावला तर तिने उचलला नाही, आणि संध्याकाळी तिचा आला तोवर सांगण्यातली मजा गेली होती.

हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाईंनी त्यांना पुढचं शिकवलं. आधी घट्ट चावा, मग हलकं, मग नुसतं चावल्यासारखं मनात आणा. काचवाले हुशार विद्यार्थी निघाले. बाईंनी एकदा सांगितलं होतं, आरसा फार कामाचा नाही, माणसांत बसून सराव करा. आणि जेवताना चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. काचवाल्यांनी मान डोलावली आणि पहिलंही केलं नाही, दुसरंही नाही. माणसं आणायची कुठून? आणि आरशासमोर बसून जेवतं कोण?

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलाशी त्यांनी बाजू बदलली. आता डावा गाल भिंतीकडे आणि उजवा खानावळीकडे. एवढी कापाकापी करून आणलेली बाजू ती, तिला हवा नको का लागायला? योगायोगाने त्याच सुमारास त्यांच्या जुन्या खुर्चीचा पाय मोडला आणि खानावळवाल्याने तो दोरीने बांधून ठेवला, त्यामुळे तिकडे पुन्हा बसण्याचा प्रश्नच नव्हता.

खिडकीजवळच्या टेबलावर एक बाई जेवत असत. पन्नाशीच्या आसपासच्या, केस घट्ट बांधलेले, ताटाशेजारी किल्ल्यांचा जुडगा. बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर त्या काम करत, हे सगळ्यांना माहीत होतं, काचवाल्यांनाही. एक दिवस काचवाल्यांनी ताटातून मान वर केली तर बाई त्यांच्याकडे बघून हसत होत्या. काचवाल्यांनी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. मग त्यांनी घाईघाईने दात आवळले आणि हसू परत केलं. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी बाईंनी मान हलवून जेवण कसं आहे असं विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात आपलं ताट उचलून सरळ काचवाल्यांच्या टेबलाशी आल्या. समोरच्या खुर्चीची दोरी बघून त्या बाजूच्या खुर्चीत, काचवाल्यांच्या उजव्या हाताला बसल्या.

काचवाले त्या दुपारी आतल्या खोलीत काचा घासताना गुणगुणत होते. मालकांनी दारातून डोकावून बघितलं आणि काउंटरचं नाव न काढता परत गेले.

दोघं रोज एकत्र जेवू लागली. बाई बोलक्या होत्या, पण ऐकून घ्यायला त्यांना कुणी मिळालं नव्हतं. दिवसभर काचेच्या भोकातून मला नुसते हात दिसतात, त्या सांगत. तोंड दाखवायला कुणी वाकत नाही. आई गेल्यापासून घरीही गप्पच. काचवाल्यांनी आपल्या ऑपरेशनचं सांगितलं, गाठीचं, सोन्याच्या तुकड्याचं. बाई म्हणाल्या, छान झालंय, कळतसुद्धा नाही. हसू कशाला जोडलंय ते मात्र काचवाल्यांनी सांगितलं नाही. तसा विषयच निघाला नाही, असं ते स्वतःला समजावत.

मग एक दिवस बाई सहज म्हणून गेल्या, "तुम्ही आधी हसलात म्हणून हं. नाहीतर मी कुणाच्या टेबलावर जाऊन बसणारी नव्हे. रोज ताटात बघून गालातल्या गालात हसायचात. मला वाटलं, माणूस लाजरा दिसतोय, वर बघायचा धीर होत नाही."

काचवाले बुचकळ्यात पडले. आधी तर बाई हसल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी पाव आणि उकडलेले बटाटे ताटात घेतले, दाढीचा आरसा पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि जेवायला बसले. पहिला घास चावला. डावी बाजू मुकाट्याने चावत राहिली. उजवी हसली. दुसरा घास, पुन्हा हसली. पावाचा कडक तुकडा आला तेव्हा तर चांगली खुलली. आरशातला माणूस उजव्या गालाने बटाट्यावर जीव टाकत होता. काचवाल्यांनी ताट बाजूला सारलं. उभ्या आयुष्यात एक माणूस आपण होऊन त्यांच्या टेबलाशी आलं होतं, आणि ते बटाट्यांच्या कृपेने.

सांगून टाकायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू असं चाललं. व्यायामाच्या बाईंना त्यांनी विचारलं, चावताना येणारं हसू थांबवता येतं का. बाई खूश झाल्या. हो, का नाही, महिन्या-दोन महिन्यांत जमेल, लगेच सुरू करू. काचवाले म्हणाले, नको, राहू दे. त्या बाईंना काहीच कळेना. असा पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. काचवाल्यांचा हिशेब साधा होता. हसू थांबलं तर खानावळीतल्या बाई विचारतील, का थांबलं. आणि ते बाईंना गमवायला तयार नव्हते, मग हसू खोटं का असेना.

एक दिवस खानावळीत बाई आपल्या आईबद्दल सांगत होत्या. याआधी इतकं त्यांनी सांगितलं नव्हतं. शेवटची काही वर्षं आईचं सगळं त्यांनी एकटीने केलं; न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री उठणं. "जायच्या आदल्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते," त्या म्हणाल्या. "तर माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही कोण हो बाई? फार चांगल्या आहात. तुमची आई नशीबवान आहे."

काचवाल्यांना रडू आलं. खानावळीत रडायचं नाही म्हणून त्यांनी सगळ्या पुरुषांसारखे दात गच्च आवळले. जितकं रडू दाटलं तितके जास्त आवळले.

बाई बोलता बोलता थांबल्या. काचवाल्यांच्या उजव्या गालाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि अर्धं ताट तसंच टाकून निघून गेल्या. काय झालं ते काचवाल्यांना बाई दाराबाहेर गेल्यावर कळलं. तेव्हा त्यांनी हात गालावर नेला. तोंडाचा कोपरा अजून वरच होता.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही. वाढणारा म्हणाला, बाई डबा आणायला लागल्यात म्हणे. ते ऐकून काचवाल्यांनी जेवण सोडलं आणि बसस्थानकावर जाऊन रांगेत उभे राहिले. रांग मोठी होती. काय बोलायचं ते त्यांनी चांगलं घोळून ठेवलं होतं, पण पुढे सरकता सरकता त्यातलं बरंचसं गळून गेलं.

"कुठलं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

काचवाले भोकाशी वाकले. "मी आहे."

बाईंचा हात थांबला.

"मी त्या दिवशी हसलो नाही, बाई. रडू आवरायला दात आवळले होते. माझं हसू चावायच्या नसेला जोडलंय. दात आवळले की येतं. घास चावला तरी येतं. ते माझं ऐकत नाही."

बाईंनी आता वर बघितलं. "आणि आधी? रोज हसायचात ते?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि ती काचवाल्यांना स्पष्ट दिसत होती. "ते बटाटे होते," ते म्हणाले.

मागचा माणूस खाकरला. बाईंनी हातातलं तिकीट खाली ठेवलं.

"मी मात्र खरी हसत होते," त्या म्हणाल्या.

काचवाल्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त म्हणजे एवढं चांगलं कुणीतरी आपल्याकडे बघून रोज हसत होतं आणि आपण नुसते बटाटे चावत होतो, याचं वाईट वाटलं. पुन्हा रडू आलं आणि पुन्हा दात आवळले गेले. इतक्या दिवसांत बाईंनी काचवाल्यांचा चेहरा एवढ्या जवळून, अगदी समोरून पाहिला नव्हता. उजवा गाल छान हसत होता. डावीकडचा ओठ थरथरत होता आणि डाव्या डोळ्यातलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं.

"यातलं कुठल्या बाजूचं खरं मानू?" बाईंनी विचारलं.

"डावीचं. ती जन्मापासूनची आहे."

"ती तर तुम्ही भिंतीकडे करून बसता."

मागच्या माणसाने आता काचवाल्यांच्या खांद्याला हात लावला. बाई म्हणाल्या, पुढचे या, आणि काचवाले बाजूला झाले.

पुढच्या दिवशी ते खानावळीत गेले आणि दोरी बांधलेल्या खुर्चीत बसले. खुर्ची डुगडुगत होती, एक पाय जमिनीला दाबून धरावा लागत होता. उजवा गाल भिंतीकडे, डावा खानावळीकडे. वाढणारा म्हणाला, अहो, पडाल. काचवाले म्हणाले, वाढ तू. असे ते बरेच दिवस बसले आणि मुकाट जेवले. कुणाला काही दिसायचं असेल तर आता एवढंच दिसत होतं, की एक उतारवयाचा माणूस बटाटे चावतोय आणि त्याला त्याचा विशेष आनंद नाही.

मग एका दुपारी बाई आल्या. खिडकीजवळच्या आपल्या जुन्या टेबलावर बसल्या. काचवाल्यांनी घास तोंडात घातला आणि चावला. मान फिरवावी आणि उजवी बाजू दाखवावी असा मोह त्यांना झाला, फार झाला. त्यांनी मान फिरवली नाही. बाई जेवता जेवता त्यांच्याकडे बघत होत्या, नव्या गिऱ्हाइकाकडे चष्मेवाला बघतो तसं, नीट, घाई न करता. हसत मात्र नव्हत्या.

जेवण झाल्यावर त्या उठल्या. दाराकडे जाताना काचवाल्यांच्या टेबलाशी थांबल्या.

"या बाजूने तुम्ही फार एकटे दिसता," त्या म्हणाल्या.

"हो," काचवाले म्हणाले.

बाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.